विषाणूसदृश कण: मलेरिया, चिकुनगुन्या आणि डेंग्यूच्या लशींची घडण

पाणकळा

डासांवरच्या दुसऱ्या धाग्यात मलेरियाच्या लशीचा विषय निघाला, "ती आपल्या पुण्यात बनते" इथवर आला आणि मग गाडी धूरफवारणीकडे वळली. ती लस बनते कशी, हे मात्र राहूनच गेलं. माझं काम लस-निर्मितीतलं आहे (या लशीशी थेट संबंध नाही), आणि हा विषय मला मनापासून आवडतो. म्हणून वेगळा धागा काढते आहे.

विषाणू म्हणजे ढोबळमानाने दोनच गोष्टी. आत जनुकीय द्रव्य, बाहेर प्रथिनांचं कवच. गंमत अशी की कवचाची प्रथिनं यीस्टमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या पेशीत नुसती तयार केली, तरी बरेचदा ती आपली आपण एकमेकांत बसतात आणि गोल कण उभा राहतो. आतल्या जनुकांवाचून त्यांचं काही अडत नाही. सारण न भरता मिटलेल्या करंजीसारखा हा कण: बाहेरून हुबेहूब, आत काही नाही. त्यामुळे तो शरीरात वाढू शकत नाही, आजार देऊ शकत नाही. यालाच विषाणूसदृश कण म्हणतात.

पण निर्धोक असणं ही झाली अर्धी गोष्ट. तो लागू का पडतो, हे जास्त महत्त्वाचं. सुटं प्रथिन टोचलं तर आपली प्रतिकारयंत्रणा पुष्कळदा ते फारसं मनावर घेत नाही. तेच प्रथिन एका गोलाच्या पृष्ठभागावर, ठरावीक अंतरावर, डझनावारी प्रतींत मांडलेलं दिसलं की अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशीवरचे अनेक ग्राहक (जंतू ओळखणारी प्रथिनं) एकाच वेळी त्याला चिकटतात आणि ती पेशी जोरात कामाला लागते. इतकी शिस्तशीर पुनरावृत्ती शरीराच्या स्वतःच्या पेशींवर सहसा नसते, जंतूंवर असते. शिवाय हे कण २० ते १०० नॅनोमीटरचे असल्याने लसिका ग्रंथींपर्यंत सहज पोचतात. अँटीबॉडी तयार होण्याचं बरंचसं काम तिथेच चालतं.

तंत्र तसं नवं नाही. यीस्टमध्ये बनवलेली हेपटायटिस बी ची लस १९८६ साली अमेरिकेत मंजूर झाली, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची पहिली लस २००६ साली. दोन्ही याच पठडीतल्या. सीरम इन्स्टिट्यूटची याच कर्करोगाविरुद्धची सर्व्हाव्हॅकही.

आता मलेरियाकडे. इथे पहिलीच अडचण अशी की मलेरियाचा जंतू मुळात विषाणूच नाही. तो परजीवी आहे, हजारो जनुकांचा, आणि डासात, यकृतात, रक्तात वेगवेगळी रूपं घेणारा. त्याला विषाणूसारखं कवच येणार कुठून? शास्त्रज्ञांनी ते उसनं घेतलं, हेपटायटिस बी कडून. डास चावताना त्वचेत जे परजीवी सोडतो, त्यांच्या अंगावर सर्कमस्पोरोझॉइट नावाचं प्रथिन दाट पसरलेलं असतं. त्याच्या मधल्या भागात चार अमिनो आम्लांचा एक तुकडा (अ‍ॅस्पराजिन, अ‍ॅलनिन, अ‍ॅस्पराजिन, प्रोलिन) माळेसारखा पुन्हा पुन्हा येतो. ही माळ हेपटायटिस बी च्या पृष्ठप्रथिनाला जनुकाच्या पातळीवरच जोडली आणि ते जोडप्रथिन यीस्टकडून बनवून घेतलं. कण हेपटायटिसच्या घडणीचा, पण बाहेर डोकावते ती मलेरियाची माळ.

यातली पहिली लस ग्लॅक्सो कंपनीची आरटीएस,एस. काम सुरू झालं १९८० च्या दशकात, आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली ऑक्टोबर २०२१ मध्ये. तिच्या कणात साधारण पाचांपैकी एकाच प्रथिनावर मलेरियाचा भाग असतो, बाकीची चार साधी हेपटायटिसची. ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटने आर२१ घडवताना नेमकं इथेच बोट ठेवलं. त्यांच्या कणातल्या प्रत्येक प्रथिनावर मलेरियाची माळ आहे, त्यामुळे पृष्ठभागावर मलेरिया जास्त दिसतो आणि हेपटायटिस झाकलं जातं. डोसही लहान: आरटीएस,एसचा २५ मायक्रोग्रॅम, आर२१ चा ५. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ती हॅन्सेनुला जातीच्या यीस्टमध्ये बनते. जोडीला मॅट्रिक्स-एम हे उत्तेजक द्रव्य लागतं. त्यातला मूळ घटक चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीपासून काढतात.

बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियात सुमारे ४,८०० मुलांवर आर२१ ची तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. जिथे मलेरिया पावसाळ्यात उसळतो तिथे हंगामाआधी डोस दिले, आणि वर्षभरात आजाराचं प्रमाण ७५ टक्क्यांनी घटलं. जिथे तो बारमाही आहे तिथे ६८ टक्क्यांनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिलाही शिफारस मिळाली. एकट्या २०२३ सालात मलेरियाने जगभर सुमारे ५,९७,००० माणसं गेली, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. हा आकडा समोर ठेवला की यीस्टच्या टाकीतल्या त्या एवढ्याशा फेरफाराचं मोल कळतं.

चिकुनगुन्या आणि डेंग्यूची गोष्ट वेगळी आहे. कुणाला रस असेल तर प्रतिसादांत बोलू.

उंबरठा

लेख आवडला, पण आई म्हणून एक शंका विचारतेच. हे रिकामं कवच शरीरात गेल्यावर पुन्हा भरू शकत नाही ना? समजा मुलाला त्याच वेळी दुसरा कुठला विषाणू झालेला असेल तर?

पाणकळा

@उंबरठा, शंका रास्त आहे. कवचाला भरायचं तर त्याच विषाणूची जनुकं हवीत, आणि ती लशीत नसतातच. आर२१ च्या बाबतीत तर प्रश्नच मिटतो, कारण हेपटायटिस बी चं पृष्ठप्रथिन हे विषाणूचं फक्त बाहेरचं आवरण आहे. खऱ्या विषाणूत जनुकं ज्या आतल्या गाभ्यात असतात, तो गाभा या कणात नाहीच. दुसरं म्हणजे हेच पृष्ठप्रथिन आपली मुलं जन्मल्या दिवसापासून घेत आली आहेत. सरकारी दवाखान्यात बाळाला जन्मतः हेपटायटिस बी चा डोस देतात, तो याच प्रथिनाचा. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती लस देशात बनवायला घेतली, त्यानंतर ती सामान्यांच्या आवाक्यात आली. म्हणजे मलेरियाच्या लशीचा पाया आपल्याकडच्या कोट्यवधी मुलांच्या शरीराने आधीच पारखलेला आहे.

माळरान

पाणकळाताई, चिकुनगुन्याबद्दल नक्की लिहा. मी बार्शीचा. १९७३ साली आमच्या गावात चिकुनगुन्याची मोठी साथ येऊन गेली, देशातल्या सुरुवातीच्या साथींपैकी एक. घरोघर माणसं अंथरुणाला खिळली होती, असं आजी सांगायची. मग तीस-बत्तीस वर्षं या आजाराचं नावही फारसं कुणी घेतलं नाही, आणि २००६ ला तो परत आला तेव्हा आई सापडली. ताप चार दिवसांत उतरला, सांधे मात्र आजही धरतात. सकाळी बोटं वळत नाहीत. स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण ती तळहाताने दाबून, डबा पोटाशी धरून उघडते. कणीक मळायचं काम वडिलांनी घेतलं ते कायमचंच. या आजाराने माणूस मरत नाही म्हणून त्याला हलकं समजतात. त्याचं फार वाईट वाटतं.

कोकणकडा

@माळरान, मी डॉक्टर आहे, चिकुनगुन्यानंतरचे सांधे रोज बघतो. आईंचं दुखणं तुम्ही लिहिलंय तसंच असतं. आणि मृत्यू होतात, विशेषतः उतारवयात. नोंदी कमी पडतात, एवढंच.

लशीबद्दल थोडं मी लिहितो, पाणकळा भर घालतीलच. चिकुनगुन्या हा खराखुरा विषाणू, त्यामुळे कवच उसनं आणायला नको. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अकाहाता, नेबल आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या सगळ्या रचनात्मक प्रथिनांची जनुकं मानवी पेशींच्या वाढीत घातली आणि पेशींनी अख्खे कण बाहेर सोडले. माकडांमध्ये ते संरक्षण देतात, हे त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच कणाची लस आज बव्हेरियन नॉर्डिक कंपनी विमकुन्या नावाने विकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत १२ वर्षांवरील सर्वांसाठी तिला मंजुरी मिळाली. एकच डोस, ४० मायक्रोग्रॅम. १२ ते ६४ वयोगटात तीन आठवड्यांनी ९७.८ टक्के लोकांत पुरेशा अँटीबॉडी आढळल्या, ६५ च्या पुढे ८७.३ टक्क्यांत.

हे कवच रिकामं असण्याचं महत्त्व नुकतंच दिसलं. चिकुनगुन्याची आधी आलेली लस, इक्सचिक, जिवंत पण दुबळा केलेला विषाणू वापरते. २०२५ साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर साथ उसळली तेव्हा ती बऱ्याच ज्येष्ठांना दिली गेली. त्यातल्या काहींना गंभीर त्रास झाला, मृत्यूही झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने तिचा परवाना स्थगित केला. साठीपुढच्या, मधुमेह-हृदयविकार असलेल्या माणसांनाच या आजारापासून जास्त जपायचं असतं, आणि जिवंत विषाणू देताना त्यांच्याच बाबतीत हात आखडतो. न वाढणाऱ्या कणाचं मोल मला तरी तिथे वाटतं.

पाणकळा

@कोकणकडा, छान मांडलंत. कण घडवणाऱ्याच्या बाजूने एक भर घालते, कारण ही मला अतिशय आवडती गोष्ट आहे.

संशोधकांनी चिकुनगुन्या विषाणूच्या दोन वाणांवर काम करून पाहिलं. पश्चिम आफ्रिकेतला ३७९९७ हा जुना वाण आणि २००६ च्या रियुनियन साथीतला नवा वाण. प्रथिनं जवळजवळ सारखी, कृती तीच, तरी जुन्या वाणाचे कण भरघोस मिळाले आणि नव्याचे अगदीच थोडे. शोधत गेल्यावर कारण सापडलं ते कवचातल्या ई२ नावाच्या प्रथिनात २३४ व्या जागेवर. तिथल्या एका अमिनो आम्लाच्या फरकाने कण जुळून येण्यावर आणि टिकण्यावर एवढा परिणाम होत होता. कारखान्याच्या दृष्टीने पाहा, एका लिटरमागे किती डोस निघणार आणि लस कितीला पडणार हे अशा एका जागेवर ठरतं. "कण आपोआप जुळतो" असं वर मी लिहिलं, पण तो भरपूर, एकसारखा आणि फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने न विस्कटता राहील असा जुळवायला माणसांची वर्षं जातात.

कण जुळला की नाही हे बघायची पद्धतही सांगते. जाळीच्या इवल्याशा तांब्याच्या चकतीवर थेंब ठेवायचा, युरेनियमच्या क्षाराने रंगवायचा, जास्तीचं पाणी टिपकागदाने टिपून घ्यायचं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचं. चांगला घाणा असेल तर करड्या पार्श्वभूमीवर एकाच मापाचे पांढुरके गोल पसरलेले दिसतात. बिघडला असेल तर तुटक्या कडा आणि गोळे. गोल दिसले की खोलीत सगळ्यांचे चेहरे खुलतात. कितीही वेळा पाहिलं तरी तो आनंद कमी होत नाही.

गोंडवन

गडचिरोलीत आरोग्य विभागात काम करतो. धागा वाचून आनंद झाला आणि मनात सलतही राहिलं. लस पुण्यात बनते, आफ्रिकेत जाते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. ती मुलंही आपलीच. पण राज्यातला मलेरिया म्हटलं की भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची हीच नावं येतात. आशाताई पावसात नाले ओलांडून रक्तपट्टी घ्यायला जातात. मच्छरदाण्या वाटतो, जलद चाचणी करतो, गोळ्या समोर बसून खायला लावतो. आमच्या पोरांना ही लस का नाही? "भारतात व्हायवॅक्स जास्त" हे उत्तर मी ऐकलंय (व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीच्या दोन जाती). आमच्याकडे फॅल्सिपेरम भरपूर आहे.

पाणकळा

@गोंडवन, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. व्हायवॅक्सचं उत्तर तुमच्या जिल्ह्याला लागू पडत नाही, हे मान्य. आर२१ फक्त फॅल्सिपेरमवर चालते हे खरं, आणि देशपातळीवर ती भारताच्या कार्यक्रमात नसण्याचं ते एक कारण आहे. पण मला वाटतं खरी अडचण लशीच्या घडणीतच आहे.

ही लस परजीवीला त्वचेपासून यकृतापर्यंतच्या वाटेवर गाठते. ती वाट फार तर काही तासांची. तेवढ्यात सगळे परजीवी अडवायचे तर रक्तात अँटीबॉडीचं प्रमाण प्रचंड लागतं, आणि ते वर्षभरात बरंच उतरतं. म्हणून तीन डोसांनंतर वर्षाने चौथा. पश्चिम आफ्रिकेत मुलाला पहिल्या काही वर्षांत वारंवार मलेरिया होतो, मृत्यूही त्याच वयात. तिथे ही काही वर्षांची ढाल अनेक जीव वाचवते. आरटीएस,एस घाना, केनिया आणि मलावीत वापरली तेव्हा लसीच्या वयातल्या मुलांचे एकूण मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. तुमच्याकडे मलेरिया सर्व वयांत होतो ना? रानात मुक्कामी जाणारा तरुण, गरोदर बाई, म्हातारा. फक्त लहान मुलांना लस दिली तर साथीचा मोठा भाग तसाच राहील. आणि देशाचं उद्दिष्ट २०३० पर्यंत निर्मूलनाचं आहे. त्यासाठी फैलाव तोडणारी लस जास्त कामाची.

गोंडवन

होय, सर्व वयांत. घरातला कर्ता माणूस तेंदूपत्त्याच्या हंगामात रानात मुक्कामी असतो, तो मच्छरदाणी बरोबर नेत नाही. तरी माझं म्हणणं सोडत नाही. निवडक गावांत पावसाआधी लहान मुलांना देऊन बघायला काय हरकत आहे? एक मूल मेंदूच्या मलेरियाने झटके देताना बघितलं की "एकूण साथीवर परिणाम थोडा" हे उत्तर पुरत नाही.

पाणकळा

पटतं. हंगामाआधी डोस देण्याचा अनुभव बुर्किना फासो आणि मालीतून हाताशी आहेच, आणि तुमचा पावसाळाही ठरलेला. अभ्यास म्हणून हे करून बघावं, असं माझंही मत आहे.

फैलाव तोडणाऱ्या लशींबद्दल: त्यात डासाच्या पोटात परजीवी ज्या रूपात असतो त्याचं प्रथिन कणावर मांडतात. पीएफएस२५ हे त्यातलं एक. तंबाखूच्या जातीतल्या एका झाडाच्या पानांत, अल्फाल्फाच्या एका वनस्पती-विषाणूचं कवचप्रथिन जोडून असा कण बनवला गेला आणि माणसांवर पहिल्या टप्प्याची चाचणीही झाली. लस घेतलेल्याला स्वतःला थेट फायदा नाही. त्याचं रक्त पिणाऱ्या डासात अँटीबॉडी जातात आणि परजीवी तिथेच खुंटतो. डासाच्या पोटातला हाच टप्पा रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत पाहिला होता. अँटीबॉडी पुरेशा वाढवणं अजून जमलेलं नाही, पण गडचिरोलीसारख्या जागी मला खरी आशा या दिशेला दिसते.

मांडवीकाठ

पणजीहून. आमच्याकडे पाऊस लागला की डेंग्यूची धास्ती. मलेरिया, चिकुनगुन्या जमलं, मग डेंग्यूच्या कणाचं घोडं कुठे अडलं?

पाणकळा

@मांडवीकाठ, डेंग्यूचे प्रकार चार. एका प्रकाराविरुद्धच्या अर्धवट अँटीबॉडी दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण निकामी करत नाहीत. उलट रक्तातल्या ज्या पेशी अँटीबॉडी गिळतात, त्यांच्या आत विषाणूला आयता प्रवेश मिळतो आणि आजार बळावतो. म्हणून डेंग्यूत अख्खं कवच जसंच्या तसं दाखवणं धोक्याचं ठरू शकतं. कोणता भाग दाखवायचा आणि कोणता लपवायचा, हेच इथलं अभियांत्रिकीचं काम.

दिल्लीच्या आयसीजीईबी या जैवतंत्रज्ञान संस्थेत नवीन खन्ना, सत्यमंगलम स्वामिनाथन आणि सहकाऱ्यांनी घेतलेला रस्ता मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. डेंग्यूच्या पृष्ठप्रथिनाचे तीन विभाग आहेत. गोंधळ घालणाऱ्या अँटीबॉडी बऱ्याचशा पहिल्या दोन विभागांकडे, विशेषतः पेशीत शिरायला लागणाऱ्या टोकाकडे वळतात. निकामी करणाऱ्या, त्या-त्या प्रकाराला नेमक्या बसणाऱ्या अँटीबॉडी तिसऱ्या विभागाविरुद्ध मिळतात. त्यांनी चारही प्रकारांचे फक्त तिसरे विभाग एका माळेत गुंफले, ती माळ हेपटायटिस बी च्या पृष्ठप्रथिनाला जोडली आणि पिकिया यीस्टमध्ये कण बनवला. म्हणजे पुन्हा तेच उसनं कवच. उंदरांमध्ये चारही प्रकारांविरुद्ध अँटीबॉडी मिळाल्या आणि आजार बळावल्याचं दिसलं नाही, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

देशी कंपन्यांच्या लशींत सध्या बरीच पुढे आहे ती पॅनेशिया बायोटेकची, जिवंत-दुबळ्या विषाणूंची एका डोसाची लस. ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला तिच्या तिसऱ्या टप्प्याची सुरुवात झाली. कणवाल्या लशीला अजून बराच पल्ला गाठायचाय.

सातासमुद्रा

डेंग्यूच्या लशीबाबत एवढी काळजी का घ्यावी, याची आठवण देते. नवऱ्याच्या नोकरीमुळे तेव्हा आम्ही मनिलात होतो. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने डेंगव्हॅक्सिया शाळांमधून द्यायला सुरुवात केली, आठ लाखांवर मुलांना दिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये खुद्द कंपनीने जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लशीनंतर गंभीर डेंग्यूचा धोका वाढू शकतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीने शाळेत डोस घेतला होता. त्या रोज रात्री तिचं अंग चाचपून बघायच्या. पुढे धाकट्याला गोवराची लस द्यायलाही तयार होईनात, आणि २०१९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. तो तिसरा विभाग निवडून घेणाऱ्या लोकांच्या कष्टांची किंमत मला त्या बाईंमुळे कळते.

पाणकळा

@सातासमुद्रा, हे लिहिल्याबद्दल आभार. आता डेंग्यूच्या कुठल्याही नव्या लशीत, आधी डेंग्यू न झालेल्या मुलांचे आकडे वेगळे काढून तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत, ते याच अनुभवामुळे.

माळरान

शेवटचं विचारतो. विमकुन्या भारतात आली तर आईला द्यावी का? तिच्या सांध्यांना काही फरक पडेल?

कोकणकडा

@माळरान, नाही. ही लस संसर्ग रोखण्यासाठी आहे, जुन्या सांधेदुखीवर तिचा उपयोग नाही. एकदा चिकुनगुन्या झाला की त्याविरुद्धचं संरक्षण दीर्घकाळ टिकतं, त्यामुळे आईंना तशी गरजही कमी. त्यांना एकदा संधिवाततज्ज्ञांना नक्की दाखवा. इतकी वर्षं बोटं सकाळी धरत असतील तर संधिवाताच्या रक्तचाचण्या आणि हातांचा एक्स-रे करून घ्यायला हवा. आमवातासारखं काही मिसळलेलं असलं तर त्यावर चांगली औषधं आहेत. वेदनाशामक गोळ्या रोज स्वतःहून घेत असतील तर आधी मूत्रपिंडाची तपासणी करा.

लस घ्यायची वेळ आली तर ती तुम्हाला, वडिलांना, घरातल्या ज्यांना हा आजार झालेला नाही त्यांना. बव्हेरियन नॉर्डिकने २०२५ मध्ये हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीशी करार केलाय, कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी ही लस बनवण्याचा. आपल्याकडच्या मंजुरीची बातमी आली की याच धाग्यावर कळवतो. तोवर छतावरची टाकी झाकलेली आहे का, तेवढं आज बघून घ्या.